आबांचा ‘काल’

ताई, नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातून लिहितेय. माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, ७८ वर्षांचे आहेत. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत होते. १९७१ ला पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आताच्या बांगलादेशातल्या, जमालपूरच्या लढाईत होते. सुभेदार होऊन पेन्शनीत आले. लग्न होऊन मला बावीस वर्षं झाली, पण लढाईचा एक शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि तेव्हापासून ते बोलायला लागलेत.

पण बोलतात ते लढाईचं नाहीच. एक नावाडी होता, त्यानं रात्री नदी पार करून दिली आणि पैसे घेतले नाहीत. एक म्हातारी होती, तिनं मूठभर कुरमुरे आणि गुळाचा खडा हातावर ठेवला आणि ‘बाबा’ म्हणाली. ‘मी तेविशीचा पोरगा आणि ती सत्तरीची मला बाबा म्हणते,’ असं म्हणून दर वेळी हसतात. तिसरी गोष्ट मात्र पुरी होत नाही. एक बाई, दोन मुली, दारात उभ्या. ‘आम्ही पुढं गेलो,’ इथपर्यंत येतात आणि थांबतात. माझे मिस्टर समजावतात, ‘आबा, ऑर्डर होती, तुमचा त्यात काय दोष?’ की आबा ताटावरून उठतात.

मागच्या २६ जानेवारीला शाळेनं भाषणाला बोलावलं होतं. आबा म्हातारीच्या कुरमुऱ्यांचं सांगायला लागले, तर गुरुजी मधेच म्हणाले, ‘सुभेदारसाहेब, लढाईचं सांगा ना मुलांना.’ आबा ‘जय हिंद’ म्हणून खाली बसले. आमचा अकरा वर्षांचा मुलगा घरी विचारतो, ‘आबा, तुम्ही किती मारले?’

आता मुख्य गोष्ट. थंडी पडली की रात्री उठून ओसरीवर बसतात. पुटपुटतात, ‘काल असं बो, काल असं बो.’ मिस्टरांना वाटतं, ‘काल असं बोललो’ म्हणत असावेत. डॉक्टर म्हणाले, स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते, काल-उद्याचं भान जातं. गेल्या महिन्यात आबा मला एकटीला म्हणाले, ‘सूनबाई, माझा पासपोर्ट काढून दे. परत जायचं राहिलंय.’ ताई, मी काय करू? त्यांना बोलू द्यावं की विषय बदलावा? लोक म्हणतात, जुन्या गोष्टी उकरल्या की त्रास वाढतो.

– एक सून

*

सूनबाई,

तुमचं पत्र वाचता वाचता मी एका ओळीवर अडकले आणि बराच वेळ पुढं गेलेच नाही. आधी तेच सांगते, बाकीचं नंतर.

मिस्टरांच्या बदलीमुळं मी सात वर्षं कोलकात्यात काढली. पहिल्या आठवड्यात मासळीवाल्याकडं गेले, तर तो म्हणाला, ‘काल आशबेन.’ मला वाटलं, काल का आला नाहीत म्हणून विचारतोय. मी मोडक्या हिंदीत सांगत बसले की काल आमचं सामान लागत होतं. तो हसायला लागला. बंगालीत ‘काल’ म्हणजे कालही आणि उद्याही, हिंदीतल्या ‘कल’सारखं. क्रियापदावरून कळतं कुठला ते. ‘आशबेन’ म्हणजे ‘या’, ‘याल’. उद्या या, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

तुमचे आबा ‘काल असं बो’ म्हणत नाहीत. माझ्या कानाला तरी ते ‘काल आशबो’ वाटतंय. म्हणजे ‘उद्या येईन’.

मी तिथं नव्हते, त्यामुळं पुढचं सगळं अंदाजानं लिहितेय हे लक्षात ठेवा. पण तुमच्याच पत्रातले तीन तुकडे शेजारी ठेवून बघा. दारात उभी असलेली बाई आणि तिच्या दोन मुली. ‘परत जायचं राहिलंय’. आणि ‘काल आशबो’. तेवीस वर्षांच्या एका साताऱ्याच्या पोरानं, येत असलेल्या चार-दोन बंगाली शब्दांत, कुणाला तरी ‘उद्या येतो’ असं सांगितलं असावं. तो उद्या गेली पन्नासहून अधिक वर्षं उजाडलेला नाही. हे भान सुटल्याचं लक्षण मला तरी वाटत नाही. उलट फार पक्कं धरून ठेवलेलं काहीतरी आहे.

याचा अर्थ डॉक्टर चुकलेत असा घेऊ नका. या वयात तपासणी झालीच पाहिजे. आबा जेवलेलं विसरतात का, रोजच्या वाटेवर चुकतात का, पेन्शनचा हिशेब जमेनासा झालाय का, चिडचिड नव्यानं वाढलीय का, हे महिनाभर वहीत टिपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. ‘काल असं बो’ची हकीकतही सांगा, कारण त्यांनी निदान करताना तेच वाक्य धरलेलं दिसतंय. आबांचं ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेलच. त्यांच्या पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञाकडं रेफर करून घेता येतं. रात्रीची झोप फारच उडाली, दचकून उठणं किंवा ‘आता जगून काय करायचं’ अशी भाषा सुरू झाली, तर भेटीच्या तारखेची वाट न बघता १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

तुमच्या आबांच्या पिढीला या दुखण्याचं नाव घेऊन बोलायची सोयच नव्हती. ‘पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’ हे निदान अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आलं १९८० साली, म्हणजे जमालपूरनंतर नऊ वर्षांनी. त्यानंतर व्हिएतनाममधून आलेल्या सैनिकांवर उपचार करताना जोनाथन शे नावाच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की काही जखमा भीतीच्या नसतातच. आपल्याला जे योग्य वाटत होतं, ते आपल्या हातून झालं नाही किंवा आपल्याला करू दिलं गेलं नाही, याची ती जखम असते. इंग्रजीत तिला ‘मॉरल इंज्युरी’ म्हणतात. मराठीत मला नेमका शब्द सापडत नाही. टोचणी फार हलकं होतं, पाप फार जड. अशा जखमेवर ‘घाबरू नका’चा उपयोग नसतो, कारण माणूस घाबरलेलाच नसतो.

आणि नोकरी, संसार, पोरांची लग्नं या सगळ्याखाली दबलेलं असलं काही म्हातारपणी वर येतं, हेही नवीन नाही. हातातलं काम सुटतं, जोडीदार जातो, रात्री लांबतात. तुमच्या सासूबाईंना हे सगळं माहीत होतं की काय, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. कदाचित तेच त्यांचं बोलण्याचं माणूस असेल.

आता तुमच्या मिस्टरांकडं येते. ‘ऑर्डर होती, तुमचा काय दोष’ हे ते मायेपोटी म्हणतात, याबद्दल मला शंका नाही. वाक्य खरंही आहे. मी जुन्या नोंदी वाचल्या आहेत. ४ डिसेंबरला सीमेवरची कमालपूरची पाकिस्तानी चौकी शरण आली आणि मेघालयाच्या बाजूनं फौज खाली उतरली. जुन्या ब्रह्मपुत्रेच्या पलीकडं जमालपूर. जंगी पलटण नदी ओलांडून शहराच्या पाठीमागं गेली आणि टांगाईलकडं जाणारा रस्ता अडवून बसली. १० तारखेच्या रात्री आत अडकलेल्या पाकिस्तानी सैन्यानं निसटून जायची धडपड केली, ती पलटणीनं मोडली. ११ ला जमालपूर पडलं. त्याच दुपारी टांगाईलजवळ २ पॅरा ही छत्रीधारी पलटण विमानातून उतरली आणि पुंगलीच्या पुलाशी जंगी पलटणीला तिला जाऊन मिळणं भाग होतं. १६ ला ढाका. बारा-तेरा दिवसांत एवढं सगळं. त्यात मागं फिरून एका दाराशी जायची मुभा कुणाला होती?

पण हा हिशेब तुमच्या मिस्टरांना आज सुचतोय. आबांनी तो केव्हाच करून ठेवला असणार, आणि त्यातली फट त्यांना माहीत असणार. ढाका १६ डिसेंबरला पडलं, पण आपली फौज तिथून लगेच निघाली नाही. निरोपाचं संचलन झालं १२ मार्च १९७२ ला. पलटण कधी परतली, मधले आठवडे कुठं गेले, रजा मागितली असती तर मिळाली असती का, जमालपूर किती मैलांवर होतं, हे सगळं ते रात्री ओसरीवर बसून मोजत असले तर मला नवल वाटणार नाही. आपण ‘तुमचा दोष नाही’ म्हणतो तेव्हा समोरच्यानं मांडलेला खटला ऐकूनही न घेता निकाल देऊन मोकळे होतो. त्यांना निर्दोष सुटायचंय असं कुणी सांगितलं आपल्याला? त्यांना फक्त सांगायचं असेल.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून इतक्या जोरात सांगतेय. माझे मामा १९६२ च्या चीन युद्धात तवांगच्या बाजूला होते. पळापळ झाली तेव्हा त्यांच्यासारखे पुष्कळ जण भूतानमधून चालत चालत परतले. वाटेत एका घरानं त्यांना दोन रात्री ठेवून घेतलं, लोण्याचा खारट चहा पाजला. तिसऱ्या पहाटे मामा कुणाला न सांगता निघाले आणि निघताना अंगावरची घोंगडी तशीच घेऊन आले. हे त्यांनी मला एकदा, एकदाच सांगितलं. मी कॉलेजात होते. म्हटलं, ‘मामा, एका घोंगडीचं काय एवढं मनाला लावून घेता!’ ते हसले. पुन्हा तो विषय निघाला नाही. ते गेल्यावर ट्रंक उघडली, तर सगळ्यात खाली, डांबराच्या गोळ्या घालून, मलमलीत गुंडाळलेली ती घोंगडी होती. घरात त्यांचं मेडल कुठं आहे हे कुणाला सापडत नव्हतं.

म्हणून मिस्टरांना एवढंच सांगा: आबा ‘आम्ही पुढं गेलो’ इथं येऊन थांबले की तुम्हीही थांबा. मिनिटभर. दोन मिनिटं. पाण्याचा तांब्या पुढं सरकवा फार तर. आणि विचारायचंच असेल तर न्यायनिवाड्याचं काही विचारू नका, जागेचं विचारा. घर कशाचं होतं, बांबूचं की मातीचं? दारात केळी होत्या का? थोरली केवढी होती? अशा प्रश्नांना माणूस डोळे मिटून उत्तर देतो, आणि त्या वाटेनं जिथवर जायचं तिथवर स्वतःच्या पायानं जातो. ‘मग तिचं काय झालं?’ हा प्रश्न मात्र विचारू नका. त्याचं उत्तर त्यांच्याकडं नसणार, सगळं दुखणं तिथंच असणार.

एका गोष्टीची तयारी ठेवा. ती बाई कशाला भ्यायली होती हे आबांना त्या दिवशी नीट कळलं नसेल, नंतर कळलं असेल. मुक्तियुद्धाच्या त्या नऊ महिन्यांत तिकडच्या बायकांवर काय गुदरलं ते लढाई संपल्यावर उघडं पडलं. तिथल्या सरकारनं त्यांना पुढं ‘बीरांगना’ म्हटलं, पण तो शब्द पुष्कळींना आयुष्यभर जडच गेला. दोन मुली घेऊन दारात उभी असलेली आई एका परक्या फौजीला ‘आज इथंच थांबा’ का म्हणत असेल, हे आबांना ढाक्यात पोचल्यावर लख्ख कळलं असणं शक्य आहे. आणि गोष्ट याहूनही वेगळी, याहून अवघड निघाली, तर ऐकताना तुमचा चेहरा बदलू देऊ नका. झेपत नसेल तर तसं सांगा, ‘आबा, आज इथवर. उद्या पुढचं ऐकते,’ आणि उद्या खरोखरच जाऊन बसा. या घरात ‘उद्या’ हा शब्द सांभाळूनच वापरावा लागणार आहे.

शाळेतल्या गुरुजींचा मला राग आला, हे कबूल करते. पण ते एकटे नाहीत. जमालपूरची एक हकीकत पलटणीच्या गप्पांत अजून रंगवून सांगतात. आपल्या ब्रिगेडियरनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, आणि समोरच्या पाकिस्तानी कमांडरनं उत्तराच्या चिठ्ठीत बंदुकीची गोळी गुंडाळून परत धाडली. पुढच्या भेटीत तुमच्या हातात पेनाऐवजी स्टेनगन दिसावी, अशा अर्थाचं काहीतरी लिहून. दोन्ही अधिकाऱ्यांची नावं लोकांना पाठ आहेत. चिठ्ठी नेली कुणी? मुक्तिवाहिनीतल्या, म्हणजे बांगलादेशासाठी लढणाऱ्या बंगाली दलातल्या, एका स्थानिक माणसानं. हातात पांढरं निशाण घेऊन शत्रूच्या ठाण्यात गेला, तिथं मार खाल्ला आणि ती गोळी घेऊन परत आला. गोष्ट सांगताना त्याला आपण पोस्टमन करून टाकतो. नावाडी, म्हातारी, दारातली बाई, यांना तर तेवढीही जागा नसते. त्या मोहिमेत गावकऱ्यांच्या होड्या, बैलगाड्या आणि वाटाडे नसते तर नद्यानाल्यांच्या त्या मुलखातून इतक्या लवकर ढाका गाठणं कठीण होतं, हे फौजी स्वतः सांगतात. म्हणजे आबा कुरमुऱ्यांचं सांगतात तेव्हा ते लढाईचंच सांगत असतात. गुरुजींना पुढच्या वेळी हे ऐकवा. नाहीतर शाळेला बाजूला ठेवा आणि आळीतली दहा पोरं ओसरीवर बोलवा. तेवढी पुरेत.

तुमच्या मुलाला रागावू नका. अकराव्या वर्षी मुलगा तेच विचारणार, आपण त्याला तेवढंच दाखवलंय. त्याच्याकडं दुसरं काम द्या. त्याला सांगा, बंगालीत आई आपल्या लहान पोरालाही लाडानं ‘बाबा’ म्हणते. आपण नाही का म्हणत, ‘ये रे बाबा, जेवून घे’? तसंच. हे त्यानं आबांना सांगावं. इतकी वर्षं आबा हसत आलेत की म्हातारीनं मला बाप केलं. तिनं लेक केलं होतं. हे ऐकून त्यांना काय वाटेल मला माहीत नाही, कदाचित ते आधीपासूनच जाणून असतील. पण हे तुम्ही किंवा मी सांगण्यापेक्षा नातवानं सांगावं.

नातवाकडूनच एक नकाशा काढून घ्या, मोठा, भिंतीवर लावण्याजोगा. मेघालयातलं तुरा, सीमेलगतचं कमालपूर, मग बक्षीगंज, जुन्या ब्रह्मपुत्रेची वळणं, जमालपूर, टांगाईल, ढाका. फोनवर नको, फोनवर बोट लावलं की नकाशा पळतो. कागदावर आबांचं बोट सावकाश फिरू दे. ते कुठं थांबतं ते बघा, आणि तिथं पेन्सिलीनं बारीकशी खूण करायची की नाही हे आबांना ठरवू दे.

ते बोलत असताना फोनवर रेकॉर्ड करायचं असेल तर विचारून करा, चोरून नको. फौजी माणूस आहे, परवानगी मागितलेली त्यांना आवडेल. सबंध हकीकत उतरली आणि आबांची इच्छा असली, तर ती बंगालीत करून ढाक्याला पाठवता येईल. तिथं १९९६ पासून मुक्तियुद्धाचं संग्रहालय आहे, त्याच काळाच्या आठवणी आणि वस्तू जपणारं. म्हातारीचं, नावाड्याचं, त्या बाईचं नाव नसलं म्हणून काय झालं, गावाच्या खुणा तर असतील.

आणि पासपोर्ट. तुम्ही तो प्रश्न पत्रात शेवटी, जवळजवळ लपवून विचारलाय. माझं मत: काढा. उद्याच अर्ज भरा, आणि आबांना सही करताना बघू द्या की कागद खरोखर जातोय. जाणं होईल की नाही ही वेगळी गोष्ट. त्यांच्या तब्येतीचं डॉक्टरांना विचारावं लागेल, व्हिसाचं आणि तिकडच्या एकूण परिस्थितीचं त्या वेळी बघावं लागेल, एकटं पाठवता येणार नाही. दर १६ डिसेंबरच्या सुमाराला कोलकात्यात विजय दिवसाला तिकडचे मुक्तियोद्धे पाहुणे म्हणून येतात आणि इकडचे माजी सैनिक ढाक्याला जातात, असा रिवाज गेली बरीच वर्षं चालत आलाय. त्याची चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करा. ढाक्याहून जमालपूरला रेल्वे जाते. घर सापडेल अशी आशा आबांना देऊ नका. नद्यांनी तिकडं गावंच्या गावं हलवलीत, आणि त्या बाई आज असल्याच तर नव्वदीच्या घरात असतील. पण आबांनी तुम्हाला ‘ती सापडेल का’ असं विचारलेलंच नाही. ते एवढंच म्हणाले, परत जायचं राहिलंय.

तुम्ही विचारलंत, उकरल्यानं त्रास वाढेल का. थोडा वाढेल. काही रात्री वाईट जातील. एखाद्या दिवशी ते रडतील आणि तुमच्या मिस्टरांना वाटेल, बघा, सांगत होतो ना मी. पण तुम्ही काही उकरत नाही आहात. रात्री उठून ओसरीवर ते स्वतःच येऊन बसतायत, आणि आजवर एकटे बसले. या थंडीत ते पुन्हा उठले की आत चला म्हणू नका. घोंगडी घेऊन शेजारी बसा. ‘काल आशबो’ ऐकू आलं की हळूच विचारून बघा, ‘कुणाला सांगितलं होतं, आबा?’

त्यांनी काही सांगितलं तर मला लिहा. नाही सांगितलं, तरी लिहा.

– ताई